एइबार: तालुक्याच्या गावाएवढा क्लब आणि त्याचं भागभांडवल

निळ्या आणि गडद लाल उभ्या पट्ट्यांचा टी-शर्ट दिसला की आपल्याकडे जळगाव-धुळ्याला सगळे बार्सिलोनाच म्हणतात. त्याच रंगांचा आणखी एक क्लब स्पेनमध्ये आहे, आणि त्याचा इतिहास बार्सिलोनापेक्षा आपल्या भागातल्या माणसाला लवकर कळेल असं मला वाटतं. सोसिएदाद देपोर्तिवा एइबार हे त्याचं नाव. एइबार गावाची वस्ती २७,०००च्या आसपास, म्हणजे साधारण आपल्या रावेर किंवा फैजपूरएवढी. एवढ्याशा गावाचा संघ २०१४ ते २०२१ अशी सलग ७ वर्षं स्पेनच्या पहिल्या श्रेणीत रेआल माद्रिदशी खेळला. बाकीचं सगळं आयुष्य त्याने दुसऱ्या, तिसऱ्या आणि त्याच्याही खालच्या श्रेणीत काढलं, आणि आजही तो खालीच, दुसऱ्या श्रेणीत आहे. पहिल्या श्रेणीतल्या ७ वर्षांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. पण ती ७ वर्षं का मिळाली आणि ती जवळजवळ कशी हुकली होती, हे समजायला क्लबचा जमाखर्च बघावा लागतो.

आधी गाव. एइबार बास्क प्रदेशात, गिपुस्कोआ प्रांतात आहे. बिल्बाओ आणि सान सेबास्तियान या दोन मोठ्या शहरांच्या मधोमध, दोन्हीकडे साधारण ५० किलोमीटर. एगो नावाच्या लहान नदीची अरुंद घळ आणि दोन्ही बाजूंना चढ. सपाट जागा इतकी कमी की घरं उंचच उंच बांधलेली, आणि वरच्या वस्तीत जायला भर रस्त्यात सरकते जिने आणि लिफ्ट. शतकानुशतकं या गावाचा धंदा एकच होता, बंदुका. १९१३ साली तिथे शस्त्रं बनवण्याचं शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. एइबारच्या खेळाडूंना आजही 'आर्मेरोस', म्हणजे बंदूक बनवणारे म्हणतात, ते त्यावरूनच.

पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांची मागणी घसरली तेव्हा गावाने यंत्रं तीच ठेवली आणि माल बदलला. बंदुकीची नळी बनवणाऱ्याला सायकलची नळी बनवणं अवघड नसतं. ओर्बेआ ही १८४० सालची बंदूक कंपनी पुढे सायकलींकडे वळली. बेएचे ही १९०९ सालची, तिनेही तेच केलं. अल्फा हा कारखाना तर बंदूक कामगारांनी १९२० मध्ये सहकारी तत्त्वावर काढला आणि नंतर तो शिलाई मशिनं बनवू लागला. सहकार हा शब्द त्या खोऱ्यात परका नाही. प्रसिद्ध मोंद्रागोन सहकारी समूहाचं गाव तिथून जवळच आहे, आणि एइबारचा संघ वर्षानुवर्षं सराव करत आला तो त्याच मोंद्रागोनच्या आत्शाबाल्पे मैदानावर, कारण स्वतःच्या गावात दुसरं मैदान बसवायला जागाच नाही.

गाव राजकारणातही पुढे होतं. १४ एप्रिल १९३१ रोजी पहाटे स्पेनमध्ये प्रजासत्ताकाचा झेंडा सगळ्यांत आधी एइबारने फडकवला. त्याची किंमत यादवी युद्धात मोजावी लागली. एप्रिल १९३७ मध्ये बॉम्बफेकीत गावाचा मोठा भाग जळून पडला.

क्लब जन्मला तो या पडझडीनंतर, १९४० मध्ये. गावात आधीपासून असलेले दोन लहान संघ, देपोर्तिवो गाय्यो आणि उनिओन देपोर्तिवा एइबारेसा, एकत्र करून एक संघ केला. इपुरुआ हे मैदान १९४७ साली खुलं झालं आणि तेच आजही घरचं मैदान आहे. १९५३ मध्ये संघ पहिल्यांदा दुसऱ्या श्रेणीत, सेगुंदात चढला. ५ हंगाम टिकला आणि १९५८ मध्ये परत खाली आला. मग जवळजवळ तीन दशकं तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचं फुटबॉल. त्या काळात विशेष सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि एका परीने तेच महत्त्वाचं आहे. वर चढायच्या नादात क्लबने कर्ज काढलं नाही, म्हणून तो बुडाला नाही.

१९८६ ला सेगुंदा बे, म्हणजे तेव्हाची तिसरी श्रेणी, १९८८ ला सेगुंदा. आणि तिथून २००६ पर्यंत सलग १८ हंगाम दुसऱ्या श्रेणीत. २२ संघांच्या या श्रेणीतून दर वर्षी ४ खाली जातात. मोठमोठ्या शहरांचे संघ त्यात आले, पहिल्या श्रेणीत गेले, आपटले, काही बंद पडले. २७,००० वस्तीचं गाव १८ वर्षं जागेवर होतं. हे कसं साधलं, तर मोठ्या क्लबांची तरुण मुलं वर्षभरासाठी उसनी आणून. पगाराचा मोठा भाग मूळ क्लब भरतो, मुलाला खेळायला मिळतं, एइबारला ऐपतीबाहेरचा खेळाडू मिळतो. शाबी आलोन्सो २००० मध्ये रेआल सोसिएदादकडून असाच आला होता. २००४-०५ मध्ये वालेन्सियाने १८ वर्षांचा दाविद सिल्वा पाठवला. त्या हंगामात प्रशिक्षक होते खोसे लुइस मेंदिलिबार आणि मधल्या फळीत खेळत होता गाइस्का गारितानो. दोन्ही नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील. त्या वर्षी एइबार चौथा आला. तेव्हा वरचे ३ संघ चढायचे. एका जागेने हुकलं.

उसन्या खेळाडूंच्या पद्धतीत एक खोट आहे. हंगाम संपला की अर्धा संघ निघून जातो. दर जूनमध्ये नवी जुळवाजुळव, आणि निवड एका वर्षी चुकली की घसरण ठरलेली. पुढच्याच हंगामात, २००६ मध्ये, एइबार सेगुंदा बेमध्ये उतरला. २००७ ला परत वर आला, २००९ ला परत खाली.

सेगुंदा बे म्हणजे काय प्रकार होता ते सांगायला हवं, कारण वरून बघणाऱ्याला त्याची धास्ती कळत नाही. २० संघांचे ४ गट, म्हणजे देशभरातले ८० संघ. त्यातून वर जायच्या जागा फक्त ४. प्रत्येक गटातले पहिले ४ म्हणजे १६ संघ बाद फेरीत उतरायचे. गटात दुसरा आलेला संघ ३८ सामने चांगला खेळूनही मे महिन्यातल्या एका वाईट दुपारी सगळं घालवू शकत होता. टीव्हीचे पैसे जवळजवळ शून्य, प्रवास भरपूर, प्रेक्षक एक-दोन हजार. मग अध्यक्ष म्हणतो, या वर्षी चांगले पगार देऊ, वर गेलो की फेडू. वर जातात चारच, उरलेल्यांचे पगार थकतात. उनिओन देपोर्तिवा सालामांका हा पहिल्या श्रेणीत खेळलेला जुना क्लब २०१३ साली कर्जापायी विसर्जित झाला, तेव्हा तो याच सेगुंदा बेमध्ये होता. २०२१ पासून ही रचना बदलली आहे. आता तिसऱ्या पायरीवर २० संघांचे २ गट, चौथ्यावर १८ संघांचे ५ गट आणि पाचव्यावर १८ गट आहेत. पण अडचण तीच आहे.

एइबार त्या खड्ड्यात ४ वर्षं राहिला आणि २०१३ मध्ये बाहेर आला. त्याच हंगामात चषक स्पर्धेत त्याने आथलेतिक बिल्बाओला बाहेर काढलं. घरी ०-०, बिल्बाओला १-१, आणि बरोबरीत परक्या मैदानावरचा गोल जास्त धरायचे, त्या नियमाने पुढे. प्रशिक्षक गारितानो. पुढचं वर्ष, २०१३-१४, दुसऱ्या श्रेणीतलं. वार्षिक अंदाजपत्रक ४० लाख युरोंच्या आसपास, श्रेणीतल्या सगळ्यांत लहान अंदाजपत्रकांपैकी एक. ४२ सामने, ७१ गुण आणि विजेतेपद. २५ मे २०१४ रोजी आलावेसला १-० हरवून बढती पक्की झाली.

इथेच एक कायदा आडवा आला.

१९८० च्या दशकात स्पेनमधले क्लब कर्जात बुडाले होते. क्लब सभासदांचे, त्यामुळे कर्जाला जबाबदार कोणीच नाही. म्हणून १९९० च्या क्रीडा कायद्याने व्यावसायिक क्लबांना भागभांडवल असलेल्या कंपन्या व्हायला लावलं. सुटले फक्त चार, ज्यांचे ताळेबंद आधीची काही वर्षं शिलकीत होते: रेआल माद्रिद, बार्सिलोना, आथलेतिक बिल्बाओ आणि ओसासुना. बाकी सगळ्यांनी शेअर काढायचे. पुढे १९९९ च्या शाही अध्यादेशाने कंपनीचं किमान भांडवल किती हवं याचं सूत्र घालून दिलं.

सूत्र असं. श्रेणीतल्या सगळ्या क्लबांचा एका ठरावीक मागच्या हंगामाचा खर्च घ्यायचा. सर्वांत जास्त खर्चाचे २ आणि सर्वांत कमी खर्चाचे २ वगळायचे. उरलेल्यांची सरासरी काढायची. त्या सरासरीच्या २५ टक्के ही पहिली रक्कम. दुसरी रक्कम क्लबचा स्वतःचा साठलेला तोटा. तोटा नसेल तर ती शून्य. या दोन्हींवरून जो आकडा ठरतो तेवढं किमान भांडवल. ते नसेल तर व्यावसायिक श्रेणीत नोंदणी नाही.

आता एइबारचं गणित मांडू. स्वतःचा तोटा शून्य. पण पहिली रक्कम आली साधारण २१,४६,००० युरो. उलट हिशोब केला तर इतर क्लबांचा सरासरी खर्च ८६ लाख युरोंच्या घरात होता, एइबारच्या दुप्पट. क्लबचं नोंदलेलं भांडवल होतं ४,२२,२५३ युरो. कमी पडत होते १७,२४,२७२ युरो. मुदत ६ ऑगस्ट २०१४. त्या वेळच्या दराने ही रक्कम १४ कोटी रुपयांच्या आसपास होते. तोवर उभी राहिली नाही तर एइबारला परत सेगुंदा बेमध्ये पाठवायचं, मग तो विजेता असो की आणखी कोणी.

इतरांनी किती उधळलं यावर आपल्याला किती भांडवल लागेल हे ठरत होतं. कर्ज नसलेल्या क्लबला शिक्षा, आणि ती कर्ज रोखण्यासाठी केलेल्या कायद्याखाली. कायद्याचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण भांडवल ही भरवशाची खूण धरली, कर्ज नसणं ही नाही, तिथे तो फसला. भांडवल भरणा करून, पुढच्या वर्षी तेच पैसे पगारात घालवून, परत तोट्यात जाता येतं. तसे गेलेले क्लब होतेच.

क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष आलेक्स आरान्साबाल यांच्यासमोर सोपा मार्ग होता: एक श्रीमंत गुंतवणूकदार शोधायचा आणि चावी त्याच्या हाती द्यायची. स्पेनमध्ये अनेकांनी तेच केलं होतं. एइबारने ते नाकारलं आणि नवे शेअर सर्वांसाठी काढले. पद्धत अशी की आधी जुन्या भागधारकांना त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात नवे शेअर घ्यायचा हक्क, आणि उरलेले मग सगळ्यांना खुले. किमान गुंतवणूक ५० युरो, म्हणजे तेव्हाचे ४,००० रुपये. एका माणसाला कमाल १ लाख युरो. ही वरची मर्यादा म्हणजे त्या सगळ्या योजनेचा कणा होता, कारण कंपनीत मत शेअरच्या प्रमाणात असतं.

खान्देशातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. फैजपूरचा मधुकर असो की शहाद्याचा सातपुडा, साखर कारखान्याचा शेअर घेतलेलं घर आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतं. फरक एवढाच की सहकारी संस्थेत एक सभासद, एक मत. शेअर दहा असोत की एक, मत एकच. स्पेनच्या क्रीडा कंपनीत तसं नाही, १० शेअरवाल्याची १० मतं. त्यामुळे गावाच्या हातात क्लब ठेवायचा तर कोणाकडे किती शेअर जातील यालाच बांध घालावा लागतो. एइबारने कंपनीच्या चौकटीत राहून सहकाराच्या जवळचं काहीतरी उभं केलं. माझ्या मते क्लबच्या साऱ्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं काम हेच, बढतीपेक्षाही मोठं.

'देफिएंदे आल एइबार', एइबारला वाचवा, अशा नावाने मोहीम चालली. शाबी आलोन्सोसारख्या जुन्या खेळाडूंनी उघड साथ दिली. बातमी जगभर गेली, आणि चाळीसहून जास्त देशांतल्या लोकांनी शेअर घेतले. त्यातल्या बहुतेकांनी इपुरुआ कधी पाहिलं नव्हतं, परतावा मिळेल ही अपेक्षाही नव्हती. मुदतीच्या कितीतरी आधी, जुलै महिन्यातच, रक्कम पूर्ण झाली आणि वर थोडी शिल्लकही राहिली. २०२२ च्या शेवटी स्पेनने नवा क्रीडा कायदा केला आणि क्लबांवरची कंपनी होण्याची सक्तीच काढून टाकली.

२४ ऑगस्ट २०१४. पहिल्या श्रेणीतला पहिला सामना, इपुरुआवर, शेजारच्याच रेआल सोसिएदादविरुद्ध. खाबी लाराने फ्री किकवर गोल केला, १-० ने एइबार जिंकला. मैदानाची क्षमता तेव्हा ५,००० च्या थोडी वर होती. वाढवत वाढवत ती पुढे ८,१६४ वर नेली. गोलपोस्टमागच्या इमारतींच्या बाल्कनीतून सामना दिसतो.

पहिला हंगाम विचित्र गेला. १९ सामन्यांत २७ गुण, सगळे थक्क. उरलेल्या १९ सामन्यांत फक्त ८. लहान संघाचं असं होतं त्याचं कारण आहे. पहिल्या फेरीत समोरच्यांना तुमची पद्धत माहीत नसते, दुसऱ्या फेरीत त्यांनी चित्रफिती पाहिलेल्या असतात, आणि पहिल्या अकराच्या तोडीचे बदली खेळाडू तुमच्याकडे नसतात. शेवटच्या दिवशी कोर्दोबाला ३-० हरवूनही उपयोग झाला नाही. देपोर्तिवो ला कोरुन्या, ग्रानादा आणि एइबार, तिघांचे गुण ३५. आपसातल्या सामन्यांच्या हिशोबात एइबार मागे, अठरावा, म्हणजे खाली.

आणि मग जूनमध्ये लीगने एल्चेला खाली ढकललं. एल्चे मैदानात तेरावा आला होता, ४१ गुण घेऊन. पण करांची थकबाकी भरली नव्हती. त्याची जागा रिकामी झाली आणि ती अठराव्या संघाला, एइबारला मिळाली. वर्षभरापूर्वी ज्याला भांडवल नाही म्हणून काढणार होते, तो कर्ज नाही म्हणून राहिला. काही जणांनी याला नशीब म्हटलं. मला ते पटत नाही. देणी वेळेवर भरलेली असणं हे ७५ वर्षांच्या सवयीचं फळ होतं.

कर थकले म्हणून एखादा संघ खाली जातो तरी कसा, हे थोडं सांगतो. स्पेनमध्ये २०१३ पासून लीग प्रत्येक क्लबला हंगामाआधी खेळाडूंवरच्या खर्चाची कमाल मर्यादा ठरवून देते. अपेक्षित उत्पन्नातून बाकीचा खर्च आणि कर्जाचे हप्ते वजा करायचे, उरेल तेवढेच पगाराला. त्यापलीकडे खेळाडू आणला तर त्याची नोंदणीच होत नाही. शिवाय खेळाडूंचे पगार आणि सरकारी देणी ठरलेल्या तारखेपर्यंत चुकती नसतील तर श्रेणी जाते. गोंधळ होतो तो उत्पन्नाच्या अंदाजात. येणारे पैसे आल्यासारखे धरले जातात, खेळाडूंशी ३-४ वर्षांचे करार होतात, आणि संघ उतरला की उत्पन्न एकदम पडतं पण करार तेच राहतात. २०१९ च्या जानेवारीत रेउस नावाचा क्लब दुसऱ्या श्रेणीतून हंगामाच्या मध्यातच काढला गेला, पगार थकले म्हणून. उरलेले त्याचे सगळे सामने प्रतिस्पर्ध्यांना १-० ने बहाल झाले.

एइबारचे पुढचे ६ हंगाम ज्यामुळे शक्य झाले तो बदलही २०१५ चाच. तोवर प्रत्येक क्लब आपले टीव्ही हक्क स्वतः विकायचा, म्हणजे रेआल माद्रिद आणि बार्सिलोना हे दोन क्लबच मोठा वाटा घेऊन जायचे. एप्रिल २०१५ च्या अध्यादेशाने विक्री एकत्र केली. ९० टक्के पहिल्या श्रेणीला, १० टक्के दुसऱ्या श्रेणीला. पहिल्या श्रेणीच्या वाट्यातले निम्मे सर्वांना सारखे, पाव हिस्सा मागच्या ५ हंगामांच्या निकालांवर, पाव हिस्सा प्रेक्षक आणि लोकप्रियता बघून. एकूण १,००० रुपये धरा. पहिल्या श्रेणीला ९००, त्यातले ४५० वीस संघांत सारखे, म्हणजे शेवटच्या संघालाही २२.५० नक्की. दुसऱ्या श्रेणीचे १०० बावीस संघांत वाटले तर सरासरी साडेचार. एक पायरी उतरलं की उत्पन्न पाचव्या हिश्श्यावर. खाली जाणाऱ्यांना सावरायला लीगच्या उत्पन्नाचा ३.५ टक्के निधी वेगळा ठेवलेला असतो, तरीही दरी मोठीच. शहाणा क्लब म्हणून करारातच लिहून घेतो की संघ उतरला तर पगारही इतक्या टक्क्यांनी उतरेल.

२०१५ मध्ये मेंदिलिबार परत आले, १० वर्षांनी. त्यांची पद्धत या मैदानाला साजेशी होती. इपुरुआ लांबी-रुंदीला १०३ बाय ६५ मीटर, प्रचलित १०५ बाय ६८ पेक्षा लहान. मेंदिलिबार बचावाची फळी मध्यरेषेजवळ उभी करत, समोरच्याच्या अर्ध्यात चेंडूवर झडप घालायची, मिळाला की बाजूने पुढे आणि लगेच क्रॉस. मैदान अरुंद असल्यामुळे एकेका खेळाडूला कमी धावून जास्त जागा झाकता येते, आणि प्रतिस्पर्ध्याला चेंडू फिरवायला जागा राहत नाही. यात जोखीम पाठीमागच्या मोकळ्या पट्ट्यात. फळी एकसाथ पुढे सरकली नाही किंवा चेंडू देणाऱ्यावर दाब पडला नाही तर एका लांब पासमध्ये गोलकीपर एकटा पडतो. दाब आणि फळी ही दोन्ही कामं एकाच क्षणी व्हावी लागतात. ज्या दिवशी पाय जड असत त्या दिवशी एइबार ४-५ गोल खायचा, आणि ज्या दिवशी जमायचं त्या दिवशी, उदाहरणार्थ २४ नोव्हेंबर २०१८ रोजी, रेआल माद्रिद ३-० ने हरून जायचं.

क्रमांक बघा: २०१६ ला १४, २०१७ ला १०, २०१८ ला ९, २०१९ ला १२, २०२० ला १४. बोर्खा बास्तोनने उसन्या वर्षात १८ गोल केले. जपानचा ताकाशी इनुई डाव्या बाजूने खेळायचा. मे २०१७ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर त्याने दोन गोल केले, तरी सामना ४-२ ने गेला. मार्क कुकुरेया २०१८-१९ मध्ये इथे उसना होता. २०१६ मध्ये अमाइया गोरोस्तिसा अध्यक्ष झाल्या. क्लबचा महिला संघही या काळात पहिल्या श्रेणीपर्यंत गेला.

२०२०-२१ ला गाडी थांबली. ३० गुण, विसावा क्रमांक. कोविडमुळे इपुरुआ रिकामं होतं, आणि ज्या संघाची सारी रीत प्रतिस्पर्ध्याला घाई करायला लावण्याची, त्याला प्रेक्षकांच्या ओरड्याविना खेळावं लागलं. पण रिकामं मैदान एवढंच कारण नव्हतं. संघ म्हातारा झाला होता आणि मेंदिलिबारच्या पद्धतीला तरणे पाय लागतात. गोलकीपर मार्को द्मित्रोविचने जानेवारीत आत्लेतिको माद्रिदविरुद्ध पेनल्टीवर गोल केला आणि किके गार्सियाने हंगामात १२ गोल मारले, तरी बाकीच्यांकडून गोल येतच नव्हते. मेंदिलिबार गेले. त्यांनी पुढे २०२३ मध्ये सेविय्याला युरोपा लीग आणि २०२४ मध्ये ओलिंपियाकोसला कॉन्फरन्स लीग जिंकून दिली, यावरून ते एइबारला कोणत्या दर्जाचं काम करून गेले ते कळतं.

खाली आल्यावर गारितानो परत प्रशिक्षक झाले, आणि सुरू झाली हुकलेल्या बढत्यांची मालिका. २०२२ मध्ये शेवटच्या दिवशी आल्कोर्कोनला हरवलं असतं तर थेट वर. आल्कोर्कोन आधीच खाली गेलेला, शेवटून पहिला. ९० मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत गोल खाऊन एइबार १-० ने हरला. ८१ गुणांचे दोन संघ वर गेले, एइबार ८० वर राहिला. मग बाद फेरी. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे संघ त्यात खेळतात, आणि दोन्ही सामने मिळून जादा वेळेनंतरही बरोबरी राहिली तर पेनल्टी नसते, तक्त्यात वर असलेला संघ पुढे जातो. एइबारने जिरोनाला त्यांच्या घरी १-० हरवलं, म्हणजे इपुरुआवर एका गोलने हरूनही चाललं असतं. हरला ०-२ ने. २०२३ मध्ये आलावेसने अडवलं, २०२४ मध्ये ओविएदोने, दोन्ही वेळा पहिला सामना बरोबरीत आणि दुसरा ०-२.

तीनदा हुकलं तेव्हा क्लबने कर्ज काढून मोठी नावं आणली नाहीत यावर गावात नाराजी होती, आणि ती समजण्यासारखी आहे. पण खाली येऊन क्लब उभा आहे, पगार होतात, मैदान चालू आहे. त्याच काळात पहिल्या श्रेणीतून उतरलेले याहून मोठे क्लब तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरले.

ज्यांना एइबार बघायचा आहे त्यांच्यासाठी वेळेचं गणित: स्पेन आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास. घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. दुसऱ्या श्रेणीचे सामने बहुतेक शुक्रवार ते सोमवार विभागलेले असतात. तिथल्या दुपारी सव्वाचारचा सामना आपल्याकडे ऑक्टोबरपर्यंत रात्री पावणेआठला आणि थंडीत पावणेनऊला. रात्री ९ चा असेल तर साडेबारा किंवा दीड. वेळापत्रक सामन्याच्या फक्त काही आठवडे आधी पक्कं होतं, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला छापलेल्या तारखेवर विसंबू नका, दिवस एक-दोनने पुढे-मागे होतो.